तीन लाकडांची चौकट

दारात खुर्चीची पुढची चाकं कशाला तरी अडली, धक्का बसला आणि मांडीवरची मेथीची जुडी घरंगळून खाली पडली. धक्का काही मोठा नव्हता. रिक्षा गतिरोधकावरून जाताना बसतो तेवढाच. पण मी जागच्या जागी थिजले, कारण त्या दारात अडण्यासारखं काही नव्हतंच. नव्हतं म्हणजे मीच ठेवलेलं नव्हतं. हे घर माझ्या हाताने कागदावर उतरलेलं आहे आणि ते उतरवताना मी एकाच गोष्टीसाठी हटून बसले होते: उंबरठा नको. बाहेरची शहाबादी फरशी आणि आतली शहाबादी फरशी एका पातळीत, मध्ये फक्त सांधा. वाकून पाहिलं. खडा नाही, काडी नाही. खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे लोटली. पुन्हा तेच. पुढची चाकं चढली आणि उतरली, मग मागची मोठी चाकं चढली आणि उतरली. पाण्याने अर्धी भरलेली काचेची बाटली फरशीवर आडवी ठेवून पाहिली, तर पाणी दोन्ही टोकांना अगदी एका पातळीत. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं, शेजारच्या रावजीच्या झेंडूवर मधमाश्या घोंगावत होत्या. असल्या उजेडात भुताखेतांचा विचार कुठला यायला? मला आठवण आली ती दादाची. दादाला हे कळलं की संपलंच सगळं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ किशोर. माणूस सोन्यासारखा, पण काळजी करायला लागला की समोरच्याला जीव नकोसा करतो. मी पडल्यापासून त्याच्याच कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरायचं म्हणजे शेजारपाजारचे चौघे गोळा करायचे आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचलून न्यायचं. जिन्याच्या वळणावर 'सांभाळून हं, डोकं सांभाळा' असा गलका. चौघांच्या खांद्यावरून माणूस शेवटी एकदाच जातो, मी दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला जात होते. मग मी उतरणंच सोडलं. खिडक्या इतक्या उंच की बसल्या जागेवरून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसायच्या. वर्षानुवर्षं मी टाक्या बघितल्या. मखमलाबादच्या पुढे बाबांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा एक तुकडा माझ्या नावावर होता. तिथे मी लहानसं घर बांधते, एकटी राहते, असं म्हटल्यावर संध्यावहिनीच्या हातातली पोळी तव्यावरच करपली. दादा दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहून बघ. पण लले, एकदा जरी पडलीस ना, तर मी काही ऐकून घेणार नाही. सरळ उचलून परत आणीन." आमच्या दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि माझी खुर्ची दारात नसलेल्या गोष्टीला अडत होती.

रेघांचं म्हणाल तर माझा जन्म त्यातच गेला. आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढायची. दुसऱ्यांचे बंगले, दुसऱ्यांच्या गॅलऱ्या, दुसऱ्यांची देवघरं. पडल्यानंतरही काही वर्षं घरी बसून नकाशे काढले, मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि माझ्या शाईच्या पेनांना कोणी विचारीना. हे घर म्हणजे मी हाताने काढलेला शेवटचा नकाशा. आधी कंपासने पाच फुटांचं वर्तुळ काढलं, खुर्ची जागच्या जागी वळायला लागतं तेवढं, आणि त्या वर्तुळाभोवती खोली गुंडाळली. स्वयंपाकाचा ओटा खाली, त्याच्याखाली गुडघे जातील एवढी पोकळी. खिडकीची कड मांडीला लागेल इतकी खाली. बाहेरून दारापर्यंत चढ, एक फूट चढायला बारा फूट वाट. भिंती बांबू आणि कारवीच्या कुडाच्या, त्यावर माती, शेण आणि भाताच्या तुसाचा गिलावा. वर कौलं. सिमेंटच्या खोलीत माझे पाय उन्हाळ्यात सुजायचे, म्हणून हा मातीचा अट्टाहास. खुर्ची जिथून फिरणार त्या वाटेला शहाबादी, बाकी सगळी जमीन सारवणाची. नकाशात सगळं मनासारखं उतरलं, एक चूक सोडून. दार काढलं की दारात उंबरठ्याच्या दोन बारीक रेघा ओढायच्या, हे हाताला इतकं सवयीचं की डोकं नको म्हणत असताना हाताने त्या ओढून टाकल्या. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची, ही आमची पद्धत. मी खरवडली. पण खरवडलेल्या जागी कागद हळवा होतो, आणि अमोनियाच्या वाफेवर नकाशाची प्रिंट काढली की तिथे निळसर डाग उमटतोच.

तो डाग आमच्या गोटीराम सुताराने बरोब्बर पाहिला. चौकट घेऊन आला ती चांगला सागवानी उंबरठा ठोकूनच. मी रिक्षातूनच ओरडले, "अहो, हे काय? उंबरठा नको म्हणून कितीदा सांगितलं!"

"नकाशात हाय की, ताई."

"ती रेघ खोडलेली आहे."

"खोडली म्हंजी आधी व्हती ना?" गोटीराम शांतपणे म्हणाला. "आन् चौकटीला चार लाकडं लागत्यात. म्हणून तर चौकट म्हंत्यात. तीन लाकडांची तिकटी व्हती."

मी फटकळ आहे, मी म्हटलं तिकटी तर तिकटी, मला आत जायचंय. त्याने नाखुशीने उंबरठा उपसला आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. तुमचं मन बदललं तर कळवा, म्हणाला. मी मनातल्या मनात हसले. लोक कामासाठी उंबरठे झिजवतात, मला जन्मात एक झिजवता आला नसता.

दाराचं काहीतरी वेगळं आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं ते बयाबाईमुळे, त्या धक्क्याच्याही आधी. बयाबाई म्हणजे रावजीची बायको, शेजारचा झेंडू आणि भाजीपाला यांचाच. सकाळी माल फुलबाजारात पाठवून झाला की ती माझ्याकडे येते, पाणी भरते, आठवड्याला सारवते आणि जगाच्या उठाठेवी सांगते. ती दारात आली की पाय उचलायची. चांगला वीतभर वर, उंबरठा ओलांडतात तसा, आणि मग तो पाय अंदाजापेक्षा खाली पडून तिचा तोल जायचा. "या बया!" म्हणून स्वतःच हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्यावहिनी आली, तिनेही पाय उचलला. पोस्टमन उचलायचा. शाळेतल्या पोरी पाणी प्यायला यायच्या, त्या तर वाकून फरशीला हात लावून कपाळाला लावायच्या. मला मौज वाटायची. सगळ्यांच्या पायांना लहानपणापासूनचं वळण, ते थोडंच एका घराने जाणार? खिडकीशी बसून मी बघायची, एकेक माणूस माझ्या दारात येतो आणि रिकाम्या हवेवरून पाय टाकून आत येतो. मग हळूहळू ती मौज आटली. कारण रावजीचा कुत्राही तिथे उडी मारायला लागला. कुत्र्याला कोणी सांगितलं?

आणि त्या दुपारपासून माझी खुर्ची. डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं, संवेदना गेली तरी पाय मधूनच झटका देतात, दचकायचं नाही. मीही स्वतःला तेच बजावलं. पण झटका पायात येतो हो, चाकात येत नाही. धक्का बसला की क्षणभर खाली काहीच नाही असं वाटायचं आणि ते वाटणं माझ्या ओळखीचं होतं. गंगापूर रोडला एक बंगला चालू होता तेव्हाची गोष्ट. वरच्या मजल्याची मापं घ्यायला मी गेले होते. चौकटी बसल्या होत्या, पल्ले नव्हते, पश्चिमेच्या दाराला उन्हासाठी गोणपाट लावलेला. त्या दारापलीकडे गॅलरी होती. मीच काढली होती, जाळीच्या कठड्यासकट. मालकाने ऐनवेळी गॅलरी रद्द केली, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, मला तेवढं कोणी सांगितलं नाही. मी गोणपाट बाजूला सारला. समोर ऊन डोळ्यांत आलं. उजवा पाय उचलून उंबरठ्यावरून पलीकडे टाकला आणि पलीकडे काही नव्हतं. लोक विचारतात, पडलीस तेव्हा काय वाटलं? पडल्याचं मला आठवतच नाही. आठवतो तो फक्त उचललेला पाय. तो मी कुठे टेकवलाच नाही.

मग पावलं उमटायला लागली. बयाबाईने दाराच्या अंगाची खोली सारवली आणि सारवण वाळायला दार लोटून ती गेली. मी शहाबादीवरच होते, माझी खुर्ची त्या ओल्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही. चहा करून वळले तर सारवणात पाऊल. एक, मग दुसरं, खिडकीपासून निघून दाराकडे आलेलं. दाराशी, सारवण संपून फरशी लागते तिथे, शेवटचं डावं पाऊल खोल रुतलेलं, बराच वेळ सगळा भार त्यावर देऊन उभं राहावं तसं. उजवं नाहीच. मला वाटलं बयाबाईचंच असेल. संध्याकाळी ती आली, पदर खोचून वाकली आणि म्हणाली, "माझं नाय ओ ताई, माझी पावलं फताडी. ही कोणा शहरातल्या बाईची." मग पावलांच्या रोखाने बोट करून, "लक्षुमीची पावलं म्हणावं तर लक्षुमी आत येती. ही तर भायेर निघालीत."

मी त्या पावलाच्या बोटांकडे बघत होते. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा चांगलं लांब. असलं बोट असलेली बाई नवऱ्याला मुठीत ठेवते म्हणतात. मला बघायला मुलगा येणार असला की आई दारामागून खुणा करायची, 'लले, पाय साडीत घे, पाय साडीत घे.' आणि मी मुद्दाम पाय पुढे काढून बसायची. तीन स्थळं त्या बोटाने घालवली, असं आई जाईपर्यंत म्हणत राहिली. मी पायमोज्यात गुंडाळलेल्या माझ्या पायांकडे पाहिलं. खुर्चीच्या पाटीवर ते जुळवून ठेवलेले होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पायमोजे बयाबाईच काढते, पाय पुसून तेल लावते, दर दोन-तीन दिवसांनी. पुढच्या वेळी तिने उजवा मोजा काढला आणि कोमट पाण्याचं फडकं घेतलं. मग डावा काढला आणि तिचा हात थांबला. दोन्ही तळव्यांना शेण होतं. वाळलेलं, टाचेच्या भेगांत बसलेलं. मोजे आतून बाहेरून स्वच्छ पांढरे. बयाबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. फडकं पिळून ती तळवे पुसत राहिली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझं ऐका. ते मागचं लाकूड बसवून घ्या. ज्या घराला उंबरा नाय, तिथं आतलं आत राहत नाय आन् भायेरचं भायेर."

"आणि मी गं? मी कुठे राहायचं? आत की बाहेर?"

"मी हाय ना. रावजी हाय. हाक मारली की उचलून काढू तुम्हाला."

उचलून काढू. माझ्या कपाळाची शीर उठली. एवढी माती कालवली, एवढी वर्तुळं काढली, ती पुन्हा कोणी उचलून काढावं म्हणून? बरं, बयाबाईचा काय दोष, बिचारी जीव तोडून सांगत होती. पण मला राग आला की तो वाटेल त्याच्यावर निघतो. मी म्हटलं, "उंबरठा हवा ना तुला? मग ने. तुमच्या शेतातल्या पाण्याच्या पाटावर टाक, पाय ठेवून ओलांडायला बरा पडेल." दुसऱ्या दिवशी रावजी ते लाकूड खरंच खांद्यावर टाकून घेऊन गेला. मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, आता काही शिल्लक नाही. आता दारात बसवायचं म्हटलं तरी काही नाही. धक्के मात्र वाढले. चाकांखाली ती न दिसणारी पट्टी रोज जरा उंच होते आहे असं वाटायचं. मी दारातून जाताना दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरायची, दात आवळायची. बाहेर जाणं मी कमी केलं. ज्या दारासाठी हा खटाटोप, त्याच दाराला मी टाळायला लागले. आणि दादा वसुबारसेला सकाळी येणार होता.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला दाराशी पणती ठेवावी असं मनात आलं. घरात एकटं माणूस असलं तरी दिवा लागतोच. पणती मांडीवर, एक हात चाकावर. तो धक्का इतका मोठा होता की खुर्ची पुढे कलंडली आणि मी तोंडावर पडले. पणती फुटली. तेलाचा वास आला. मी सांध्यावर आडवी पडले होते, डोकंही सांध्यावरच, पाय आत. हे असं पडणं म्हणजे दादाच्या भाषेत संपलं. बयाबाईला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि गाल खाली टेकला. गालाला फरशी लागली नाही. लाकूड लागलं. मधोमध झिजलेलं, गुळगुळीत, हळदीचा जुना वास असलेलं. मी हात चाचपत नेला. हाताला शहाबादी, गालाला लाकूड. लहानपणी तापात मी आमच्या रविवार पेठेतल्या खोलीच्या उंबरठ्यावर असाच गाल टेकायची आणि आई खेकसायची, 'ऊठ, उंबरठ्यावर लोळू नये.'

आतून पावलांचा आवाज आला. सारवणावर अगदी मऊ, मग फरशीवर चिकट. मला मान वळवता येत होती तेवढी मी वळवली. आत काळोख दाटला होता, दारात मावळतीचा लालसर उजेड. त्या उजेडात पाय दिसले, घोट्यापर्यंतच. टाचेला शेण. अंगठ्याशेजारचं बोट लांब. ते माझ्यापाशी येऊन थांबले. डावा पाय टेकलेला, आणि उजवा उचलला गेला, माझ्या पाठीवरून पलीकडे आला आणि तिथेच हवेत राहिला. तो टेकेना. मी बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की तो थरथरतोय. बोटं आखडलेली, जमीन चाचपणारी. अगं बाई, मला वाटलं, मी हिला घाबरत होते आणि ही कशाला घाबरते आहे? ही अजून त्याच दारात उभी आहे. गोणपाट सारून. एवढी सगळी वर्षं एका पायावर.

मला तिची इतकी दया आली, आणि दया आली की मी ओरडते. "लले!" मी ओरडले, आणि आवाज माझा नव्हता, आईचा होता. "उंबरठ्यावर उभी राहू नकोस. आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा!"

पाय तसाच. मग मी हळू म्हटलं, "टेकव. खाली जमीन आहे. मी बांधून घेतलीय."

टाच आधी टेकली की बोटं, मला सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या तोंडासमोरून चढाच्या वाटेवर ते पाय उतरत गेले, आधी भीत भीत, मग भराभर, आणि मी लहान मूल हरवल्यासारखी रडले. मोठ्याने रडले. गालाखाली आता नुसती गार फरशी होती.

दाराच्या कडेला जमिनीपासून हातभर उंचीवर मी एक जाड बांबू आडवा बसवून घेतला होता, पडलेच तर धरायला. गोटीराम तेव्हा म्हणाला होता, हा कशाला, शोभेला का? त्या बांबूला धरून मी उठले. किती वेळ लागला देव जाणे. खुर्ची सरळ केली, बांबूवरून खुर्चीत आले, कोपर सोलपटलं होतं तिथे हळद लावली, दुसरी पणती लावली. दारातून बाहेर गेले. आत आले. पुन्हा गेले. चाकं पाण्यावरून गेल्यासारखी गेली.

सकाळी दादा आला. मी खिडकीतून त्याच्या पायांकडे बघत होते. त्याने पाय उचलला नाही. सरळ चालत आत आला, मागून वहिनी आली, तीही तशीच. त्याने भिंतीवर हात फिरवला, ओटा पाहिला, मग माझ्या खुर्चीमागे जाऊन मला दारातून बाहेर नेलं, आत आणलं, पुन्हा बाहेर नेलं. कोपराची बाही मी खाली ओढून बसले होते. शेवटी तो चढाच्या टोकाशी थांबला आणि झेंडूकडे बघत म्हणाला, "राहा." एवढंच. मग नाक शिंकरायला पलीकडे गेला.

ते गेल्यावर बयाबाई आली, फुलांची पाटी घेऊन. तीही पाय न उचलता आत आली आणि तिचं तिलाच ते कळलं नाही. पाटी ठेवून उगाच पदराशी चाळा करत राहिली.

"ताई, राग नका मानू. काल सांजच्याला म्या बांधावर व्हते. तुमच्यावाणीच कोण तरी चाललं व्हतं. मागून डिट्टो तुम्ही. म्या हाक मारली, पर वळून नाय पाह्यलं."

"पडली तर नाही ना कुठे?"

बयाबाईने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून तिने माझे पाय हातात घेतले. "नाय ओ," ती म्हणाली. "मधे पाट व्हता ना. तुमच्या त्या लाकडावर पाय देऊन पलीकडं गेली. चांगली धावत गेली."

"पुन्हा दिसली तर तिला सांग," मी म्हटलं, "येता-जाता घरात ये म्हणावं. ठेच लागायची नाही."

बयाबाईने मान हलवली आणि मोजे काढायला घेतले. दोन्ही तळवे स्वच्छ होते.